गुरगुरीची पट्टी

जुना व्हॉल्व्हवाला, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, गिटार ॲम्प नव्याने बांधायला घेतला, की पहिला मोह होतो तो सगळंच बदलून टाकण्याचा. कपॅसिटर नवे, रेझिस्टर नवे, व्हॉल्व्हही नवे. मग ॲम्प सुरू होतो, तरीही गुरगुरतो, आणि आता संशय घ्यायचा कोणावर? चोरी झालेलं घर आधी स्वच्छ पुसून काढायचं आणि मग ठसे शोधायचे, तशातली गत.

म्हणून मी आधी ऐकतो. गुरगुरीलाही पट्टी असते. मेन्सची वीज ५० हर्ट्झची असेल, तर एसीचा डीसी करणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरमागे उरणारी लहर १०० हर्ट्झची. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झचा, म्हणजे जवळपास तोच. तार छेडायची आणि ताडून बघायचं. जुळलं तर पहिला संशय ही लहर सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर. त्यांच्या आतलं इलेक्ट्रोलाइट काही दशकांत सुकतंच. गुरगुर सप्तकभर खाली असेल तर ती ५० हर्ट्झची, मग व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारा आणि अर्थिंग तपासायचं. नंतर व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. आवाज तसाच राहिला तर दोष त्या बटणाच्या पुढच्या भागात, गेला तर अलीकडच्या. मीटरला अजून हातही लावलेला नसतो!

मीटर काढायचा तो मात्र जपून. आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि प्लग काढला तरी कपॅसिटर तो धरून ठेवतात. आधी रेझिस्टरमधून तो उतरवायचा, उतरला की नाही ते मोजायचं, मगच बोटं आत. ॲम्प चालू ठेवून मोजायचं असेल तर एक हात खिशात, म्हणजे झटका बसलाच तरी एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जात नाही. पहिल्यांदा वीज देताना मध्ये सिरीज बल्ब, म्हणजे मेन्सच्या वाटेत जोडलेला दिवा, हवाच. तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडल्याशिवाय वाजवायचं तर नाहीच. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

सगळ्यात लबाड पार्ट म्हणजे कपलिंग कपॅसिटर, एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याकडे सोडून डीसी अडवणारा. दिसायला ठणठणीत, पण आतून गळका. ईएल३४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतला करंट आवरणाऱ्या जाळीवर, फिक्स्ड बायसला (वेगळ्या पुरवठ्यातून दिलेल्या उणे व्होल्टेजला) साधारण उणे ३५-४० व्होल्ट हवेत. कपॅसिटरमधून डीसी झिरपला की हा आकडा शून्याकडे सरकतो, करंट वाढत जातो आणि व्हॉल्व्हच्या आतली करडी प्लेट मधोमध लाल व्हायला लागते. ते दिसलं की लगेच स्विच बंद. बिचारा व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, नवाही तसाच तापेल.

त्यानंतर लाकडी काडी. या कामातलं हे माझं सगळ्यात आवडतं हत्यार, मीटरपेक्षाही. ॲम्प चालू ठेवून एकेका जोडावर हलकेच टिचकी मारत जायचं. कच्चं सोल्डर असेल तिथे स्पीकर खरखरतो. १२एएक्स७ या छोट्या प्रीॲम्प व्हॉल्व्हवर काडी टेकवल्यावर घंटेसारखा ‘टण्ण’ आला, तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे माइकसारखा धक्केही आवाजात उतरवतोय.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नवा बसवला असेल, तर आणखी एक गंमत होऊ शकते. सुरू करताच ॲम्प किंचाळतो, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. माणूस घाबरतो, पण उपाय बहुतेक वेळा सोपा असतो: ट्रान्सफॉर्मरकडून आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटना जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल. त्या उलट्या लागल्या, की आवाज आवरण्यासाठी आउटपुटमधून उलटा मागे आणलेला सिग्नल, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, पॉझिटिव्ह होऊन बसतो.

हे सगळं मिटल्यावर कधीकधी मागे एक बारीक तडतड उरते. ती बहुधा पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरच्या जुन्या कार्बन रेझिस्टरची. बाकीचे कार्बन रेझिस्टर मूल्य थोडंफार वाढलं असलं तरी मी ठेवतो, पण या एकासाठी नवा मेटल फिल्म लावायला माझी काही हरकत नाही.