डिस्प्रोशियम-कोबाल्टचा शुद्ध नमुना मिळवताना: माझा अनुभव

डिस्प्रोशियमच्या एका अणूमागे कोबाल्टचे दोन अणू असलेलं संयुग थंड करत नेलं, की साधारण १४० केल्विनला, म्हणजे उणे १३३ अंश सेल्सियसच्या आसपास, एकाएकी चुंबकीय होतं. स्फटिकाची घनाकार जाळीही त्याच वेळी किंचित ताणली जाते. मला हा बदल मोजायचा होता. पण माझा बहुतेक काळ गेला तो मोजण्यालायक नमुना बनवण्यात. शोधनिबंधात हा भाग चार ओळींत उरकलेला असतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दोन्ही धातू तोलून आर्क फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या ज्योतीनं धातू वितळवणाऱ्या भट्टीत, ठेवायचे. खाली पाण्यानं थंड ठेवलेली तांब्याची बैठक, भोवती आर्गॉन. डिस्प्रोशियमसारखे दुर्मीळ मृदा धातू ऑक्सिजन लगेच धरतात, म्हणून आधी टायटॅनियमचा गोळा वितळवायचा. उरलासुरला ऑक्सिजन तो शोषून घेतो. मग ज्योत नमुन्यावर. तयार झालेली गोळी उलटवून पुन्हा पुन्हा वितळवायची आणि शेवटी वजन करायचं. घट अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तरच पुढे जायचं, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम.

तांब्यावर गोळी इतक्या झपाट्यानं थंड होते, की अणूंना आपापली जागा घ्यायला सवड मिळत नाही. कुठेतरी कोबाल्ट जास्त असलेलं १:३ संयुग (डिस्प्रोशियमच्या एका अणूमागे कोबाल्टचे तीन) अडकून राहतं. म्हणून गोळी टँटलमच्या पत्र्यात गुंडाळून, निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून, ८५० अंशांना आठवडाभर ठेवली. पत्रा नसेल तर तापलेला डिस्प्रोशियम क्वार्ट्झमधलाच ऑक्सिजन ओढतो.

स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाचा आलेख स्वच्छ आला. पण तांब्याच्या नळीतले क्ष-किरण कोबाल्टवर पडले की कोबाल्ट स्वतःचे क्ष-किरण सोडतो, आलेखाची पार्श्वभूमी वर उचलली जाते आणि भेसळीची लहान शिखरं त्यात बुडतात. नुसत्या विवर्तनावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

खरी परीक्षा चुंबकत्व मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरवर, आणि तीही ३०० केल्विनला. त्या तापमानाला आपलं १:२ संयुग अनुचुंबकीय असतं, म्हणजे बाहेरून क्षेत्र लावलं तरच किंचित चुंबकतं, त्यामुळे चुंबकन (नमुना किती चुंबकला ते) आणि क्षेत्र यांचा आलेख सरळ रेषा हवी. माझी रेषा सुरुवातीलाच वाकलेली होती. १:३ संयुगाचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते आपोआप चुंबकीय असतं ते तापमान, खोलीच्या तापमानाहून बरंच वर आहे. त्याचा इवलासा अंशही इथे लपत नाही. उपाय या क्षेत्रात सर्वांना माहीत असलेलाच: तोलतानाच डिस्प्रोशियम थोडं जास्त घ्यायचं. तसं केल्यावर रेषा सरळ झाली. त्या दिवशी मला झालेला आनंद मुख्य मापनाच्या आनंदाहून कमी नव्हता.

एवढा आटापिटा कशासाठी, तर या संयुगात कोबाल्ट फार विलक्षण वागतो म्हणून. डिस्प्रोशियमच्या जागी चुंबकत्व नसलेलं इट्रियम घातलं, तर कोबाल्ट स्वतःहून चुंबकीय होतच नाही. त्याला तसं करायला बाहेरून सुमारे ७० टेस्लाचं क्षेत्र लावावं लागतं. डिस्प्रोशियमच्या ४एफ या आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचं आघूर्ण (अणूचं इवलंसं चुंबकत्व) हेच काम आतून करतं, आणि कोबाल्टचं आघूर्ण त्याच्या उलट दिशेला उभं राहतं. नमुन्यात १:३ ची भेसळ असेल तर यातलं कोबाल्टचं चुंबकत्व कुठलं, हे सांगताच येत नाही.

मग १४० केल्विनच्या अलीकडे-पलीकडे तापमान स्थिर ठेवून चुंबकनाचे वक्र घेतले आणि त्यांवरून अॅरट आलेख (चुंबकनाचा वर्ग विरुद्ध क्षेत्र भागिले चुंबकन) काढले. संक्रमणाच्या जरा वर वक्रांचा उतार ऋण आला. बॅनर्जींच्या १९६४ च्या निकषानुसार हे पहिल्या श्रेणीचं, म्हणजे हळूहळू नव्हे तर एकदम होणारं, संक्रमण. आता कोबाल्टच्या काही जागी सिलिकॉन घालून तोच उतार कधी धन होतो, ते पाहायला घेतलं आहे. तिथेही प्रत्येक नमुना आधी ३०० केल्विनच्या सरळ रेषेतून जातो.