८४ वर अडकलेला आकडा

सहा महिने गोल्फचा फटका मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे लाँच मॉनिटरवर, क्लबहेडच्या (काठीच्या डोक्याच्या) वेगाचा एकच आकडा: ताशी ८४ मैल. जिम लावली, दंड पिळदार केले, आकडा जागचा हलेना. कोच म्हणायचे, "जोर लावू नका." मग लावू काय? ते मात्र सांगायचे नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

ग्रिप (पकड), स्टान्स (उभं राहणं), बॅकस्विंग (क्लब मागे उचलणं) पंधरवड्यात जमलं. घोडं अडलं मनगटापाशी.

मोबाईलवर स्लो मोशनमध्ये स्वतःचा डाउनस्विंग, म्हणजे क्लब बॉलकडे खाली आणणं, पाहिला. सगळा मामला जेमतेम पाव सेकंदाचा. हात अजून छातीपाशी, आणि मनगटातला हात-क्लबचा काटकोन तेव्हाच सुटलेला! म्हणजे क्लबहेडचा खरा वेग बॉलपर्यंत यायच्या आधीच हवेत संपत होता. कोन धरून ठेवायचा म्हणून मनगट आवळलं, तर बॉल उजवीकडे झाडीत आणि आकडा ८१.

शेवटी वैतागून यातलं भौतिकशास्त्र वाचलं. हात हा एक लंबक, मनगटाच्या बिजागरीला टांगलेला क्लब हा दुसरा. क्लब दुमडलेला असतो तोवर त्याचं वजन खांद्याजवळ राहतं, म्हणून हात झपकन फिरतात. वेग वाढला की क्लबहेड आपसूक बाहेर फेकलं जातं. जाताना ते हातांना मागे खेचतं. हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा त्या साधारण २०० ग्रॅमच्या डोक्यात उतरते. सुरुवातीला मनगटाला कामच नसतं. मी आधी ढकलत होतो, मग आवळत होतो. दोन्ही वेळा नसती लुडबुड.

पटलं ते मात्र कानाला. ड्रायव्हर (सगळ्यांत लांब क्लब) उलटा, डोक्याकडून धरला आणि हवेत फिरवला. वेग जिथे सगळ्यांत जास्त तिथे येणारा 'सूंऽऽ' उजव्या खांद्यापाशीच वाजला. तो बॉलच्या जागेपाशी, किंबहुना जरा पुढेच वाजायला हवा. दोन आठवडे फक्त हेच केलं, बॉलला हात लावला नाही. घरात करणार असाल तर आधी वरचा पंखा बघा.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: सुरुवात कमरेनं. कंबर, मग छाती, मग हात, क्लब सगळ्यांत शेवटी. ग्रिप करकचून धरली तर यातलं काहीही होत नाही.

सध्या ९१. आकडा सातनंच वाढला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे क्लबहेडमध्ये जवळपास १७ टक्के जास्त. कोचना दाखवलं. म्हणाले, "बघा, जोर नाही लावलात ना?"