शाडूच्या ९ इंची गणपतीवरून १८ इंचांचा साचा: माझा अनुभव

मूळ मूर्ती शाडूचीच, हातानं घडवलेली. तिला मोठं करण्यापुरतं थ्रीडी स्कॅनिंग आणि थ्रीडी छपाई, मग त्या छापील मूर्तीवरून साचा. स्कॅनर घेतला नाही, मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

मूर्ती पूर्ण वाळल्याशिवाय फोटो काढू नयेत. ओली शाडू चमकते, ती चकाकी प्रत्येक फोटोत जागा बदलते आणि सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत. सावलीतल्या सारख्या उजेडात मूर्ती हलवायची नाही, आपणच फिरायचं. तीन उंचींवरून मिळून दीडशेक फोटो, प्रत्येकात आधीच्याचा ६०-७० टक्के भाग यायला हवा. शेजारी स्टीलची पट्टी ठेवतो, कारण फोटोंवरून आकार मिळतो, माप नाही. फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारं मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मात्र एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं.

सोंड आणि पोटामधली फट, काखा, कानांमागची जागा इथे मॉडेलमध्ये हमखास नसलेल्या पृष्ठभागाचा पडदा धरतो. तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कापून काढतो.

शाडू वाळताना आटते. किती, ते मातीवर आणि पाण्यावर ठरतं. म्हणून त्याच मातीची १०० मिमीची पट्टी थापून वाळवायची. ती ९४ भरली, तर १८ इंचांसाठी मॉडेल १९.१५ इंचांचं, म्हणजे २.१३ पट.

एवढं मॉडेल प्रिंटरच्या २२० मिमीच्या बेडवर मावत नाही, म्हणून तुकड्यांत छापतो. काप कमरपट्ट्याखाली आणि मुकुटाच्या कडेला लपवतो, चेहरा-सोंड एकसंध. छपाईचं प्लास्टिक पीएलए, थर ०.२ मिमी, चेहऱ्याला ०.१२. तुकडे एपॉक्सीनं जोडून सांध्यांत लांबी (पुट्टी) भरायची आणि पाणी लावून घासायचं. कोरडं घासलं तर पीएलए तापून चिकट होतं.

खरं काम इथून पुढे. ९ इंचांवर नाजूक दिसणारी मुकुटावरची मण्यांची ओळ दुपटीनं बोरांची माळ वाटते. पापण्या, नखं बोथट होतात. ही नक्षी मी मॉडेलमध्येच सपाट करतो आणि छापील मूर्तीवर एम-सीलनं हातानं नव्यानं उठवतो. संगणकात कोरलेले डोळे मला कधीच पटले नाहीत.

साचा प्लास्टरचा, तुकड्यांचा. प्लास्टर आवळताना तापतं आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पातळ कान वाकतात. म्हणून आधी पातळ थर, तो निवल्यावर काथ्या घालून जाड थर. साबणाचा हात आधी फिरवलेला असावाच.

साच्यातून काढलेली पहिली मूर्ती वाळल्यावर उंची मोजा. कमी भरली तर मॉडेल बदलण्याआधी मातीतलं पाणी कमी करून बघा.