शिरा आपणहून थांबत नाही

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू केलीये. एकट्याला पळायचा कंटाळा येतो. लॅब्रॅडॉर कुत्रा घेऊ का? तुझी शिरा पळायची ना तुझ्याबरोबर?" मी म्हटलं, रविवारी पहाटे साडेपाचला ये, चहा इथेच घे. तो आला, आम्ही तिघं फिरून आलो, पण दीड तासात सगळं सांगून झालं नाही. म्हणून राहिलेलं इथे लिहितेय.

शिरा नऊ वर्षांची आहे. तिचा रंग तुपावर भाजलेल्या रव्यासारखा, त्यावरून नाव पडलं. दीड वर्षाची झाल्यापासून पुढची साडेसहा वर्षं, आठवड्यातले चार दिवस ती माझ्याबरोबर पळली. कोथरूडमधून निघायचं, पौड रस्ता ओलांडायचा, वेताळ टेकडी चढून देवळापर्यंत जायचं आणि परत. साधारण सहा किलोमीटर. मी काही वेगवान नाही, एका किलोमीटरला सात मिनिटं लागतात. तिच्या दुडक्या चालीला तो वेग अगदी जुळायचा. चढावर माझा श्वास वाढला की ती अर्धं पाऊल मागे यायची आणि खांदा माझ्या गुडघ्याला लावून चालायची. तो स्पर्श मला अजून आठवतो.

पण भाच्याला मी आधी सांगितलं ते पहिल्या दीड वर्षाबद्दल. पिल्लू घरी आणलं की पळायला नेता येत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं वाढायची थांबायला वर्ष ते दीड वर्ष जातं. तोवर हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. त्या वयात डांबरावर रोज एकसारखं पळवलं, किंवा जिन्यावरून उड्या मारू दिल्या, तर सांध्यांना इजा होऊ शकते. पिल्लाने मातीत, गवतात, मनाला येईल तेव्हा हुंदडावं आणि दमलं की पसरावं, एवढाच त्याचा व्यायाम. म्हणजे आज घेतलेलं पिल्लू या वर्षीच्या स्पर्धेच्या तयारीत त्याच्या उपयोगाचं नाही. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण हे आधी कळलेलं बरं.

दुसरं, पिल्लू कुठून घ्यायचं. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. खुब्याची खोबण उथळ असली की सांधा सैल राहतो, झिजतो आणि कुत्रा लंगडायला लागतो. आई-बापांचे खुब्याचे एक्स-रे काढलेत का, हे विचारणं आपला हक्क आहे. आम्ही विचारलं होतं. ज्यांच्याकडून शिरा घेतली त्यांनी "मॅडम, आमच्याकडे असलं काही निघत नाही" म्हणून विषय संपवला आणि आम्ही पिल्लाच्या डोळ्यांकडे बघून गप्प बसलो. शिराचे खुबे चांगले निघाले. त्याच विणीतला तिचा भाऊ आमच्या ओळखीत गेला होता, तो तीन वर्षांचा असताना मागच्या पायांनी नीट उठू शकत नव्हता. या गोष्टीचा मला आजही राग येतो. आणखी एक आजार या जातीत आहे. जोरात पळाल्यावर पाच-दहा मिनिटांतच मागचे पाय लुळे पडतात आणि कुत्रा कोसळतो. त्याला कारणीभूत असलेलं जनुक 2008 मध्ये सापडलं आणि त्याची चाचणी करता येते. पळायला सोबती म्हणून लॅब घेणाऱ्याने तरी ही माहिती ठेवावीच.

दीड वर्षानंतर सुरुवात केली ती एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं अशी. गळ्यातला पट्टा पळताना मानेला काचतो, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस घेतला आणि कमरेला बांधायची लवचीक दोरी. सहा किलोमीटरपर्यंत पोचायला पाच महिने लागले. टेकडीवर मी तिला कधीच मोकळं सोडलं नाही. तिथे मोर आहेत, आणि लॅब कितीही गुणी असली तरी पळणाऱ्या पक्ष्यामागे जाणं तिच्या रक्तात आहे. गल्लीतल्या कुत्र्यांचंही तसंच. त्यांच्या हद्दीतून पळत गेलं की ती मागे लागतात. आम्ही कोपऱ्यापासून शेवटच्या बंगल्यापर्यंत शांतपणे चालत जायचो आणि पुढे गेलो की पळायला लागायचो. महिनाभरात त्यांनी आमच्याकडे मान वर करून बघणंही सोडलं.

आता एप्रिलमधल्या त्या रविवारबद्दल. शिरा चार वर्षांची होती. आदल्या रात्री पाहुणे होते, निघायला सव्वासात वाजले. ऊन चढणार हे मला माहीत होतं, पण आठवडा चुकवायचा नव्हता. जाताना ती नेहमीसारखी होती. देवळापाशी पाणी प्यायली. परतीला खाणीच्या बाजूने येताना ती प्रथमच माझ्या मागे पडली. मी दोरी किंचित ओढली आणि ती लगेच पुढे आली. हे मी विसरणार नाही. मी ओढलं आणि ती आली. मग दोन ठिकाणी ती गिरिपुष्पाच्या सावलीकडे वळली, तेही मला वास घेण्याचं निमित्त वाटलं. जीभ नेहमीपेक्षा रुंद, टोकाशी पसरलेली. लाळ घट्ट, तारेसारखी लोंबणारी. आणि मग तिचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती बसली. तरी शेपटी हलवत होती.

माझ्याजवळ अर्धी बाटली पाणी उरलं होतं. ते पोटावर आणि जांघेत ओतलं. फिरायला आलेल्या लोकांनी आपापल्या बाटल्या दिल्या. कॉलेजच्या दोन मुलांनी तिला उचललं, 27 किलोचं कुत्रं, आणि एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूला जिथे गाड्या लावतात तिथपर्यंत आणलं. एका काकांनी काही न विचारता गाडीचं दार उघडलं आणि एसी पूर्ण सोडला. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा ताप 40.8 अंश सेल्सिअस होता, आणि तोही इतकं पाणी ओतल्यानंतर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश. 41 च्या पुढे मेंदू, मूत्रपिंडं, रक्त गोठण्याची क्रिया, सगळ्यावर परिणाम व्हायला लागतो. सलाईन लावलं, दोन दिवस रक्त तपासत राहिले. ती वाचली.

डॉक्टरांनी रागावून काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "ती थांबली नव्हती का?" मी म्हटलं, नाही. "लॅब थांबत नाही. तुम्ही पळताय तोवर ती पळणार. थांबायचं तुम्ही."

त्यानंतर मी या जातीबद्दल मिळेल ते वाचलं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, कोळ्यांबरोबर काम करणारे. बर्फासारख्या पाण्यात उडी मारून सुटलेला मासा आणायचा, जाळ्याची दोरी ओढायची. तिथून ते इंग्लंडला गेले आणि शिकारीत पडलेलं बदक उचलून आणायला लागले. 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. शिराच्या अंगावर त्या पाण्यासाठीचेच दोन थर आहेत: वर तेलकट राठ केस, खाली दाट लव. बोटांमध्ये पडदे, मुळाशी जाड शेपूट. हे शरीर गारठ्यासाठी घडलंय. घाम म्हणाल तर पंजांच्या गादीत थोडासा, बाकी सगळी उष्णता जिभेवाटे धापा टाकून बाहेर जायची. हवा दमट असली की तेही नीट होत नाही. म्हणून जूनमधल्या पावसाआधीच्या उकाड्यात पारा कमी असला तरी मी तिला पळवत नसे. आणि माणसाने सांगितलेलं शेवटपर्यंत करायचं, हा या कुत्र्यांचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या निवडून पक्का केलेला आहे.

त्या दिवसापासून आमचे नियम ठरले. मार्च ते जून साडेपाचला निघून साडेसहाला घरी. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवता आली नाही तर फिरणंसुद्धा नाही. ती एकदा जरी मागे पडली तरी पळणं संपलं, उरलेलं अंतर चालत. खाणं पळून आल्यावर, तेही तासाभराने, कारण भरल्या पोटी पळणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडण्याची भीती असते.

खाण्याबद्दल घरात वाद झाले. सासूबाईंना वाटायचं, एवढी पळते, पोळी मागते, द्यायची नाही म्हणजे काय? मी त्यांना 2016 मधलं केंब्रिजचं संशोधन सांगितलं. साधारण दर चार लॅबमागे एकीत एक जनुकीय बदल असतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे तिचं मागणं खोटं नसतं, तिला खरंच भूक लागलेली असते, पण शरीराला त्या अन्नाची गरज नसते. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरवर चौदा वर्षं अभ्यास झाला होता. त्यातल्या निम्म्यांना त्यांच्या भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आणि ते जवळपास दोन वर्षं जास्त जगले. हा आकडा ऐकल्यावर सासूबाईंनी पोळी थांबवली आणि गाजर सुरू केलं. दर महिन्याला त्या स्वतः तिच्या फासळ्या चाचपून बघतात. बोटांना फासळ्या लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत.

पळून आल्यावरची पंधरा मिनिटं मला सगळ्यांत आवडायची. पंजे धुवायचे, बोटांमधली जागा बघायची. पावसाळा संपला की टेकडीवरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं बोटांत, कानांत शिरतात. एकदा रुतलं की आत आत जातं. गोचीड शोधायची कानामागे, काखेत, शेपटीखाली. एका वर्षी एवढी काळजी घेऊनही तिला गोचिडीचा ताप आला, प्लेटलेट घसरल्या, तीन आठवडे गोळ्या चालल्या. ओट्यावर भाजी चिरायची तशी मी रोज फरशीवर बसून हे काम करायची, आणि ती डोळे मिटून पाय पुढे करायची.

आठ वर्षं झाल्यावर सकाळी उठताना तिचे मागचे पाय आखडायला लागले. एक्स-रेत थोडा संधिवात निघाला. त्या दिवशी आमचं पळणं संपलं. आता पायथ्यापर्यंत चालत जातो आणि तिथून परत. मी एकटी पळून बघितलं, दोन दिवस. दारामागे ती रडते. मग मी संध्याकाळी, ती झोपलेली असताना जायला लागले.

रविवारी भाचा आला तेव्हा दोरी त्याच्या हातात दिली. पायथ्याशी पोचल्यावर शिरा डावीकडच्या वाटेला, चढाला लागली, जुन्या सवयीने, कान मागे, शेपूट ताठ. तोही उत्साहात पुढे निघाला. मी मागून काही बोलले नाही. तीस-चाळीस पावलं गेल्यावर तिचं एक पाऊल चुकलं, अगदी किंचित, आणि ती लगेच सावरून चालू लागली.

तो थांबला. खाली बसला, तिच्या तोंडात बघितलं, बाटलीचं झाकण उघडलं. मग म्हणाला, "मावशी, इथून परत जाऊ या."