तात्यांची फाईल आणि धाकटा भाऊ

मी नर्स आहे, घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर देते, म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांचं दुखणं, दम लागणं, झोप न येणं हे बघायचं आणि घरच्यांना शिकवायचं. मिरज-सांगलीपासून तासगावकडच्या गावांपर्यंत आमचं काम चालतं. मरणानंतरचं काय ठरवून ठेवायचं हे लोक मला बरेचदा विचारतात, म्हणून तात्यांच्या घरचा तो शनिवार लिहिते. ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात.

तात्या एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. हार्टचं पंपिंग पार कमी झालेलं, सारखं ॲडमिट, सारखं आयसीयू, शेवटच्या वेळी घरी आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की आता मला तिकडं न्यायचं नाही. नुसतं सांगून थांबले नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये नियम सोपे केले, आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची ती गेली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. पोरीला घेऊन जाऊन नोटरी करून आणली, एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे, एक फाईलला.

फाईल म्हणजे निळी प्लास्टिकची, शिलाई मशिनवर ठेवलेली. त्यात मेडिकल कॉलेजचा देहदानाचा फॉर्म, आधारच्या झेरॉक्स, नेत्रपेढीचा नंबर मोठ्या अक्षरात, आणि वरच्या पानावर कोणी कोणाला फोन करायचा ते. मला त्यांनी किडनी देता येईल का तेही विचारलं होतं. घरी हृदय बंद पडून मरण आलं तर किडनी-लिव्हर देता येत नाही, त्यासाठी सहसा हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटरवर असताना ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडल्याचं, जाहीर व्हावं लागतं, अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात त्याला मान्यता आहे, पण डोळे घरूनही देता येतात, वयाची अट नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, डायबेटिस असला तरी चालतं, हे मी सांगितलं. मग ते म्हणाले, "आन् मी रविवारी गेलो तर? कॉलेज बंद अस्तंय न्हवं?" एवढी वर्षं काम करते पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पोरीकडून त्यांनी कॉलेजला फोन लावून घेतला, देह घेणारा ॲनाटॉमी विभाग बंद असेल तर कॅज्युअल्टीत आणा, रात्रभर शवागारात ठेवू असं उत्तर आलं, तेही पानावर लिहिलं. सुट्टीचं काय ते आधीच विचारून ठेवा, प्रत्येक कॉलेजची पद्धत वेगळी असते.

तर शनिवारी सकाळी गेले तेव्हा श्वास बदललेला होता. थोडा वेळ जोरात, मग एकदम थांबायचा, परत सुरू. आम्ही उशा लावून त्यांना उठतं ठेवलं होतं, टेबलफॅन तोंडावर लावलेला, त्याने आणि मॉर्फिनच्या अगदी छोट्या डोसने दम लागल्याची घालमेल खूप कमी होते. पुतण्या घाबरून १०८ लावायला निघाला. काकूंनीच, म्हणजे तात्यांच्या बायकोने, त्याचा हात धरला, "त्यांनी नगं म्हणून लिवलंय, बस खाली." दुपारी दोनच्या सुमारास तात्या गेले.

मी घड्याळ बघितलं, कारण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात आणि जितकं लवकर तितकं चांगलं. जो फॅन सकाळपासून त्यांच्यासाठी चालू होता तो बंद केला, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवला, उशी तशीच राहू दिली. डोळ्यावर वारं लागलं की बुबुळ सुकतं. पोरीने पान बघून फोन केले. डॉक्टर आले, मृत्यूचं कारण लिहून फॉर्म ४अ भरून दिला, हा कागद नसेल तर पुढचं सगळं अडतं.

आणि मग धाकटे भाऊ आले. तोवर भावकीतून फोन सुरूच होते, माती किती वाजता, माती कुठं. भावाला देहदानातलं काहीच माहीत नव्हतं. ते ओट्यावर बसून म्हणाले, "माझ्या भावाला अग्नी न्हाई? तिसऱ्या दिवशी सावडायचं काय मग?" आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. आणि कॉलेज घरच्यांच्या सहीशिवाय देह घेत नाही, मेलेल्या माणसाने कितीही सुंदर अक्षरात फॉर्म भरलेला असो.

काकू म्हणाल्या, "भावजी, मला टीव्ही बंद करून फारम वाचून दाखवलाय त्यांनी. मी हो म्हटलंय. आता मी फिरले तर त्यांना काय तोंड दाखवू?" भाऊ गप्प झाले. मान्य केलं असं नाही, नुसते गप्प झाले.

नेत्रपेढीची टीम आली, वीसेक मिनिटं लागली. पुतण्याला भीती होती की खोबण्या दिसतील. पण पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, तेवढाच काढला होता, चेहरा होता तसा. त्याने जवळ जाऊन नीट बघितलं आणि बाहेर जाऊन बायकांना सांगितलं, मी शंभर वेळा सांगून जे पटलं नसतं ते त्याच्या एका वाक्याने पटलं. अंघोळ, हार, तुळस, गंगाजल, अभंग सगळं घरीच केलं, देहदान म्हणजे विधी करायचे नाहीत असं काही नसतं. संध्याकाळी गाडी मिरजेला गेली, भाऊ गाडीत बसले नाहीत. स्मशानाची पावती नसल्याने कॉलेजने देह स्वीकारल्याचं पत्र ग्रामपंचायतीत मृत्यूनोंदीसाठी लागलं, ते पोरीने त्याच फाईलला लावलं.

त्या भावाचा राग मला चूक वाटत नाही. तात्यांनी रविवारचासुद्धा विचार केला, पण त्याला वाईट वाटेल म्हणून त्याला सांगितलं नाही, आणि लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या माणसाला हे अंगणात बाकीच्यांसमोर कळलं. लोक मला फॉर्म कुठे मिळतो ते विचारतात, फॉर्म कुठेही मिळतो हो. आता मी नव्या घरी गेले की विचारते, हे कोणाला सांगितलेलं नाही? बहुतेक वेळा एक तरी नाव निघतंच, परदेशातला मुलगा, थोरली सून, गावाकडची बहीण. मग पेशंटची तब्येत बरी असलेला दिवस बघून त्या माणसाला बोलवायला सांगते, लांब असेल तर व्हिडिओ कॉल लावते, आणि पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत तिथून उठत नाही.