उपाशी ठेवायचे पीक

नोकरीची बरीच वर्षे मी पिकाला काय देऊ नये हे सांगण्यात घालवली, असे म्हटले की आमच्याकडचे शेतकरी थट्टा समजून हसतात. निपाणीच्या पंचक्रोशीत तंबाखू म्हणजे विडीची तंबाखू : काळ्या रानात पावसावर लावलेली, कापून शेतातच वाळत घातलेली, आणि गावात शिरताच वखारींतून नाकाला झोंबणारा तिचा खाट. तिचे पान जाड आणि कडक हवे, म्हणून शेंडा खुडायचा, फुटवे काढत राहायचे, मुळांवर बंबाखू हे परोपजीवी तण उगवले की ते फुलण्याआधी उपटायचे आणि खताला हात आखडायचा नाही, एवढे शास्त्र मला कृषी महाविद्यालयात जाण्यापूर्वीच ठाऊक होते.

राजमहेंद्रीला 1947 साली स्थापन झालेल्या केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेत पोचलो तेव्हा हे सगळे उलटे झाले. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला सुरुवातीला नत्र हवे असते, पण पान पक्व होण्याच्या वेळी ते जमिनीतून संपलेले असावे लागते. तोडलेले पान भट्टीत पहिले एक-दोन दिवस साधारण 35 ते 40 अंशांवर, दमट हवेत जिवंत ठेवतात. त्या अवधीत त्यातील स्टार्चची साखर होते आणि रंग पिवळा पडतो, व त्यानंतरच तापमान टप्प्याटप्प्याने चढवत पानाची शीर वाळेपर्यंत सत्तरीच्या आसपास नेतात. नत्राने माजलेले पान पिवळे पडायलाच तयार नसते आणि हिरवे किंवा काळपट होऊन बाहेर येते. पालाशाचीही अशीच गंमत आहे, कारण म्युरेट ऑफ पोटॅश या खतातील क्लोराइड पानात साठले की ते नीट जळत नाही, म्हणून महाग असले तरी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे लागते.

पुढे झिम्बाब्वेत गेलो, तेव्हा उपासमारीचे हे शास्त्र तेथील वालुकामय जमिनीत फार सोपे वाटले, कारण त्या वाळूत नत्र टिकतच नाही. हरारेजवळच्या कुट्सागा संशोधन केंद्राच्या परिसरात मी जे शिकलो ते मात्र वेगळे होते. मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींचा बंदोबस्त करण्यासाठी तेथे तंबाखूनंतर काही वर्षे कटाम्बोरा जातीचे ऱ्होड्स गवत ठेवतात, म्हणजे रान गुरांना चारा देते आणि कृमींना उपाशी मारते. शिवाय जुनी धाटे 15 मेपर्यंत नष्ट करायची, 1 जूनपूर्वी रोपवाटिकेत बी टाकायचे नाही आणि 1 सप्टेंबरपूर्वी लागण करायची नाही, असा तिथला कायदा आहे. मावा ही कीड आणि तिच्याबरोबर येणारे विषाणू यांना मधल्या काळात आसरा मिळू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे एका गावाने पेरणीची तारीख एकमताने ठरवावी म्हटले तरी चावडीवर भांडण होईल.

मलावीत मात्र मी सपशेल आपटलो. तिथली मुख्य तंबाखू बर्ले. तिचे खोड आणि शिरा फिकट असतात, हरितद्रव्य कमी असते आणि नत्राचा वापर ती इतक्या उधळ्या हाताने करते की तिला व्हर्जिनियाच्या कितीतरी पट खत लागते. हे पुस्तकातून मला माहीत होते, तरीही हाताला लागलेली कंजुषीची सवय सुटली नाही आणि पहिल्या हंगामातील प्रात्यक्षिकांत मी मात्रा कमीच ठेवली. गवताच्या छपराखाली कित्येक आठवडे लटकून वाळलेले ते पान पातळ आणि निस्तेज निघाले. लिलोंग्वेच्या लिलावगृहात गाठींच्या रांगांमधून खरेदीदार झपाझप चालत जातात आणि एकेका गाठीचा निकाल काही सेकंदांत लागतो. आमच्या गाठींपाशी कोणी रेंगाळले नाही. ज्याचे रान मी वापरले होते तो शेतकरी काही बोलला नाही, आणि ते न बोलणेच मला जास्त लागले. 1990 च्या सुमारापर्यंत तिथल्या छोट्या शेतकऱ्यांना बर्ले लावायची परवानगीच नव्हती, त्यामुळे एका हंगामाची किंमत त्याच्या लेखी काय होती हे मला समजत होते.

शिकून सवरून तंबाखूच का, असे लोक विचारतात. माझ्याकडे सोयीस्कर उत्तर नाही. पर्यायी पिकांच्या सभांना मी बसलो आहे आणि भुईमूग, सोयाबीनची शिफारसही केली आहे, पण तंबाखूसाठी जसा हमखास लिलाव भरतो तसा त्यांच्यासाठी भरत नव्हता, एवढे मी पाहिले.

आता गावाकडे आमच्या रानात ऊस आहे. परवा पुतण्याने खताचा हिशेब दाखवला, तेव्हा मी म्हणालो, युरियाचे एक पोते कमी कर. तो म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर पिकाला उपाशीच मारलंत," आणि दोन पोती वाढवून आणायला गेला.