नुसती खाजच तर होती

"नुसत्या खाजेसाठी सदतिसाव्या आठवड्यात कळा आणल्या? आणि मग बाळाला काचेच्या पेटीत ठेवावंच लागलं ना?" बारशाला विचारलंत, उष्टावणाला विचारलंत, परवा लग्नाच्या पंगतीतही विचारलंत. दर वेळी "डॉक्टर म्हणाल्या म्हणून" एवढंच बोलून मी विषय संपवला. पण सही माझी होती, आणि होकारही माझाच.

पोट ताणलं की खाजतं, ते मलाही होत होतं. हे वेगळं होतं. अंगावर एक पुरळ नाही, पण तळहात-तळपाय आतून पेटल्यासारखे. रात्री तर जास्तच. खोबरेल झालं, कडुलिंबाचं पाणी झालं. मी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय टेकून बसायचे आणि केसांच्या ब्रशने तळवे सोलून निघेपर्यंत घासायचे. यकृतातून पित्त नीट वाहिलं नाही की पित्ताम्लं, म्हणजे बाइल ॲसिड, रक्तात साठतात, त्याची ही खाज. आईला तिचा जाच, धोका बाळाला. ते पोटातच अचानक दगावू शकतं.

बाइल ॲसिडचा पहिला आकडा ४६ आला. त्यावर औषध म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या रिपोर्टला ९२.

त्या दुपारी पोटाला पट्टे बांधून मला झोपवलं होतं. बाळाचे ठोके छान चालले होते. आई म्हणाली, "ठोके तर चांगले आहेत, मग घाई कशाला? माझ्या बहिणीला दोन्ही वेळा अशीच खाज होती. दोन्ही मुलं धडधाकट." डॉक्टरबाईंनी ते नाकारलं नाही. बहुतेकींची मुलं धडधाकटच असतात, म्हणाल्या. मग मशीनमधून निघालेला कागद हातात धरून म्हणाल्या, "हे ठोके आत्ताचे आहेत. या दुखण्यात आधी इशारा मिळेलच असं नाही. उद्याचं मी यावरून सांगू शकत नाही." आणि आम्हाला बोलायला वेळ देऊन बाहेर गेल्या.

आम्ही बोललोच नाही. नवरा खिडकीशी उभा होता, आई माळ ओढत होती. मी डाव्या कुशीवर, पोटावर हात. बाळाने लाथ मारली की वाटायचं, थांबू. ते शांत झालं की वाटायचं, आत्ता, या क्षणी बाहेर काढा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. एकदा ते बराच वेळ हललं नाही. नंतर हललं, पण तोवर मी नवऱ्याला हाक मारून "त्यांना बोलाव" म्हटलं होतं.

आणखी एक सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. बाळंतपणाशिवाय ती खाज थांबणार नव्हती आणि मला झोप हवी होती. त्या होकारात तीही होती. किती होती, ते मला मोजता येत नाही.

पुढे बाळाला धाप लागली, ऑक्सिजन लावावा लागला, तेव्हा मी वाचत बसले. 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात बाळ पोटात दगावण्याचा धोका चढतो तो १०० च्या पुढे, शेकडा तीनाहून जास्त. ४० ते ९९ मध्ये हजारात तीनाच्या आसपास. माझा आकडा ९२. २०२२ ची ब्रिटिश मार्गदर्शक सूचना अशा आकड्याला बाळंतपण ३८-३९ आठवड्यांना सुचवते. म्हणजे थांबता आलं असतं? त्या पलंगावरची मी लगेच उलटून विचारते: गोळ्या घेऊनही ४६ चे ९२ झाले होते, पुढच्या आठवड्यात किती झाले असते? तिला माझ्याकडे उत्तर नाही. आणि मुलगा काचेच्या पेटीत असताना मी जे विचारत होते, त्याचं उत्तर तिच्याकडे नाही.

आता माझ्या धाकट्या बहिणीला सातवा लागलाय. हे दुखणं घराण्यात असू शकतं, म्हणून तिला सांगून ठेवलंय: तळवे खाजले तर तेल लावत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना सांग, बाइल ॲसिड तपासून घे. तिच्या सासूबाईंचा फोन आला, "पोरीला उगाच कशाला घाबरवतेस?" मी म्हटलं, "घाबरू दे, पण रक्त तपासू दे."